जहांगीरची साखळी आणि आपला अर्ज

मुघल बादशहा जहांगीर १६०५ साली गादीवर बसला, तेव्हा त्याने पहिला हुकूम काढला तो एक साखळी टांगण्याचा. आपल्या आत्मचरित्रात त्याने तिचं वर्णन करून ठेवलं आहे. साखळी शुद्ध सोन्याची, तीस गज लांब, तिला साठ घंटा बांधलेल्या. एक टोक आग्र्याच्या किल्ल्यातल्या शाहबुर्जाच्या कंगोऱ्याला, दुसरं टोक यमुनेच्या काठी एका दगडी खांबाला. दरबारातल्या अंमलदारांनी न्याय दिला नाही, तर रयतेतल्या कुणीही यावं, साखळी ओढावी. घंटा वाजतील आणि बादशहाला कळेल.

ही साखळी किती जणांनी ओढली हा इतिहासकारांचा विषय आहे. मला तिच्यातली कल्पना महत्त्वाची वाटते. सत्ता वर बसलेली, माणूस खाली उभा, आणि मधले अंमलदार टाळून दोघांना जोडणारं एखादं साधन हवं, ही ती कल्पना. गेल्या चारशे वर्षांत साधनं बदलली. साखळी गेली, अर्ज आला, टपाल आलं, आता संगणकाच्या पडद्यावर अर्जाची चौकट आली. या प्रवासात साधनाइतकीच मागणीही बदलली. आज त्या प्रवासाबद्दल बोलायचं आहे.

आधी थोडं शब्दांविषयी. कवीला शब्दांचा नाद असतो, तो तुम्ही सहन कराल. ‘फिर्याद’ हा शब्द फारसी. त्याचा मूळ अर्थ आक्रोश, हाक. ‘अर्ज’ अरबीतून आला. त्याचा अर्थ समोर मांडणं, सादर करणं. ‘नक्कल’, ‘दाखला’, ‘मुदत’, ‘तारीख’ हेही अरबीच. ‘दफ्तर’ तर ग्रीक भाषेतून अरबी-फारसीत फिरत आपल्याकडे आलं. मूळ अर्थ कातडं, म्हणजे ज्यावर पूर्वी लिहीत ते. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने राज्यव्यवहारकोश तयार झाला, फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले गेले. तरीही अर्ज आणि दफ्तर मराठीतून गेले नाहीत. रोजच्या व्यवहारात मुरलेले शब्द असे सहजासहजी जात नाहीत.

आता फिर्याद आणि माहितीची मागणी यांतला फरक पाहा. फिर्याद करणारा म्हणतो, माझ्यावर अन्याय झाला, मायबाप सरकारने लक्ष घालावं. त्याला दयेची अपेक्षा असते. माहिती मागणारा म्हणतो, तुमच्या दफ्तरात जे लिहिलं आहे ते मला दाखवा. त्याचं गाऱ्हाणं असेल वा नसेल. दफ्तर सरकारच्या ताब्यात असलं तरी ते आपलंही आहे, एवढंच त्याचं म्हणणं असतं. जहांगीरच्या साखळीने हाक पोचत होती; दफ्तर उघडत नव्हतं.

दफ्तर बंद ठेवण्याची सवय आपल्याला महाराष्ट्रात चांगली ठाऊक आहे. पेशवाई बुडाल्यावर पेशवे दफ्तर इंग्रजांच्या ताब्यात गेलं. मराठ्यांचा इतिहास लिहायचा तर त्याचे अस्सल कागद तिथे, आणि अभ्यासकांना ते सहज पाहायला मिळत नव्हते. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव वाड्यांच्या माळ्यांवरून कागद गोळा करत हिंडले, त्याच काळातली ही गोष्ट. पुढे १९३० नंतरच्या काही वर्षांत गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादनाखाली त्या दफ्तरातल्या निवडक कागदांचे ४५ खंड निघाले, तेव्हा कुठे दार मोकळं झालं. १९२३ साली तर सरकारी गुपितांचा कायदाच आला. स्वातंत्र्यानंतर सरकार बदललं, झेंडा बदलला, तो कायदा मात्र राहिला.

याउलट एक गोष्ट युरोपच्या उत्तरेकडे घडली. आजचा फिनलंड तेव्हा स्वीडनच्या राज्यात होता. तिथल्या अलावेतेली नावाच्या लहानशा गावी अँडर्स चिडेनियस नावाचा एक तरुण सहायक पाद्री होता. आसपासचे लोक डांबराचा व्यापार करत, पण परदेशी थेट विकण्याची परवानगी त्यांना नव्हती. त्यांचं म्हणणं मांडायला हा पाद्री १७६५ साली स्टॉकहोमच्या प्रतिनिधिसभेत गेला. तिथे त्याने व्यापाराबरोबर छपाईच्या स्वातंत्र्याचाही प्रश्न लावून धरला. २ डिसेंबर १७६६ रोजी स्वीडनमध्ये मुद्रणस्वातंत्र्याचा कायदा झाला आणि त्यात एक तरतूद आली, की सरकारी कागद लोकांना पाहता यावेत, त्यांच्या नकला मिळाव्यात. जगातला हा अशा प्रकारचा पहिला कायदा मानला जातो. गंमत म्हणजे तो मंजूर होण्याआधीच चिडेनियसला सभेतून काढून टाकलं होतं. सरकारच्या चलनविषयक धोरणावर त्याने टीका छापली होती. सहा वर्षांत राजाने सत्ता आपल्या हाती घेतली आणि हे स्वातंत्र्यही आटलं. पण बी पडलं होतं.

अमेरिकेत असा कायदा व्हायला १९६६ साल उजाडलं. ब्रिटनने तो २००० साली केला आणि जानेवारी २००५ पासून पूर्णपणे लागू केला.

आपल्याकडची कहाणी मात्र पुस्तकातून आलेली नाही. ती राजस्थानच्या दुष्काळी कामांवरून आली. अरुणा रॉय, निखिल डे, शंकर सिंह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली मजदूर किसान शक्ती संघटना उभी केली. मजुराला मजुरी कमी मिळे आणि कागदावर पूर्ण दिसे. हजेरीपट दाखवा म्हटलं, की तो सरकारी आहे, दाखवता येत नाही, असं उत्तर. डिसेंबर १९९४ मध्ये कोट किराना गावी पहिली जनसुनवाई झाली. हजेरीपटावरची नावं गावासमोर मोठ्याने वाचली गेली. कुणाचं नाव असलं तर तो गावात आहे का, त्याने काम केलं का, पैसे मिळाले का, हे गावानेच सांगायचं. एप्रिल १९९६ मध्ये ब्यावर शहरात चाळीस दिवसांचं धरणं झालं. ‘हमारा पैसा, हमारा हिसाब’ ही घोषणा तिथून देशभर गेली.

१९९७ साली तमिळनाडूने आणि त्याच वर्षी गोव्यानेही माहितीच्या अधिकाराचा कायदा केला. महाराष्ट्राने २००० साली एक कायदा केला. तो फारच लुळा होता. अण्णा हजारे यांच्या आंदोलनानंतर चांगला कायदा आला, त्याला राष्ट्रपतींची संमती मिळायला मात्र ऑगस्ट २००३ मध्ये आझाद मैदानावरचं उपोषण व्हावं लागलं. आणि मग १२ ऑक्टोबर २००५ पासून सगळ्या देशासाठीचा माहितीचा अधिकार कायदा पूर्णपणे लागू झाला. या कायद्याखालचा पहिला अर्ज त्याच दिवशी आपल्या पुण्यातल्या एका पोलीस ठाण्यात दिला गेला, अशी नोंद आहे.

हा कायदा मी कवी म्हणून वाचतो, तेव्हा मला त्यातलं सहावं कलम फार आवडतं. अर्ज लेखी करावा किंवा इलेक्ट्रॉनिक साधनाने करावा. इंग्रजीत, हिंदीत किंवा त्या भागाच्या राजभाषेत करावा. ज्याला लिहिता येत नाही त्याचं तोंडी म्हणणं लिहून घ्यायला माहिती अधिकाऱ्याने मदत करावी. आणि माहिती का हवी, हे विचारायचं नाही. म्हणजे मदत करणं हा अधिकाऱ्याचा उपकार नाही, कायद्याने सोपवलेलं काम आहे. तालुक्याच्या कचेरीबाहेर झाडाखाली टेबल टाकून बसणारा अर्ज लिहून देणारा माणूस आपण पिढ्यान्‌ पिढ्या पाहत आलो. २००५ च्या कायद्याने ते टेबल, निदान कागदावर तरी, कचेरीच्या आत नेलं.

‘इलेक्ट्रॉनिक साधनाने’ हे दोन शब्द कायद्यात २००५ पासून होते. प्रत्यक्षात यायला त्यांना वेळ लागला. अडचण अगदी साधी होती: दहा रुपये. ई-मेलने अर्ज पाठवता येईल, पण दहा रुपयांची फी कशी पाठवायची? तिकीट चिकटवायचं कुठे? बिहारने २००७ साली यावर एक युक्ती काढली. ‘जानकारी’ नावाचं कॉल सेंटर उघडलं. फोन करायचा, आपला प्रश्न सांगायचा, पलीकडचा माणूस अर्ज लिहून घेणार आणि फी फोनच्या बिलातून वळती होणार. ज्या राज्याला आपण मागासलेलं म्हणत होतो, तिथे निरक्षर माणसासाठी दार आधी उघडलं, हे लक्षात ठेवण्याजोगं आहे. मार्च २०११ मध्ये परदेशातल्या भारतीयांसाठी टपाल खात्याने इलेक्ट्रॉनिक पोस्टल ऑर्डर सुरू केली. म्हणजे दुबईत किंवा न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी माणसालाही दिल्लीच्या मंत्रालयाला विचारता येऊ लागलं. २०१३ साली केंद्र सरकारचं ‘आरटीआय ऑनलाइन’ पोर्टल आलं. महाराष्ट्रानेही पुढे आपलं पोर्टल काढलं. उच्च न्यायालयांनी तीन महिन्यांत अशी पोर्टलं उभारावीत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये दिला.

याच काळात ब्रिटनमध्ये वेगळा प्रयोग झाला. तो सरकारने केला नाही. ‘मायसोसायटी’ नावाच्या एका संस्थेने फेब्रुवारी २००८ मध्ये एक संकेतस्थळ सुरू केलं. नाव ‘व्हॉट डू दे नो’, म्हणजे ‘त्यांना काय ठाऊक आहे?’ त्याची रीत समजून घेण्यासारखी आहे. तुम्ही कार्यालयाचं नाव निवडायचं आणि प्रश्न लिहायचा. संकेतस्थळ त्या अर्जापुरता एक स्वतंत्र ई-मेल पत्ता तयार करतं आणि अर्ज कार्यालयाकडे धाडतं. उत्तर त्याच पत्त्यावर येतं आणि आपोआप सर्वांना दिसेल असं प्रसिद्ध होतं. कायद्याची वीस कामकाजी दिवसांची मुदत संकेतस्थळच मोजतं, उशीर झाला की अर्जदाराला कळवतं. एकाने विचारलं की ते सगळ्यांना मिळतं. दुसऱ्याने तोच प्रश्न पुन्हा विचारायची गरज उरत नाही.

या संकेतस्थळामागची प्रणाली पुढे इतर देशांना मोफत देण्यात आली. न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया, हंगेरी, युक्रेन अशा देशांतल्या लोकांनी ती आपापल्या भाषेत वापरली. त्या प्रणालीचं नाव काय असेल? अलावेतेली. डांबर विकणाऱ्यांच्या त्या लहान गावाचं नाव, जिथे चिडेनियस सहायक पाद्री होता. संगणकावर काम करणाऱ्या मुलांनी आपल्या पूर्वसुरींची अशी आठवण ठेवली, याचं मला फार कौतुक वाटतं.

उत्तर सर्वांना दिसलं पाहिजे, हा आग्रह केवळ सोयीसाठी नाही. आपल्याकडे त्याला जिवाचं मोल आहे. तळेगाव दाभाडे इथले सतीश शेट्टी यांनी माहितीच्या अधिकारातून जमिनींचे गैरव्यवहार बाहेर काढले. १३ जानेवारी २०१० च्या सकाळी फिरायला निघालेले असताना त्यांचा खून झाला. त्याच वर्षी जुलैमध्ये गीरच्या परिसरातल्या बेकायदा खाणींविरुद्ध लढणारे अमित जेठवा यांना अहमदाबादेत उच्च न्यायालयाजवळ गोळ्या घातल्या गेल्या. माहिती एकाच माणसाच्या पिशवीत असेल, तर त्या माणसाला संपवलं की माहिती संपते, असा हिशोब मारेकरी करतो. तीच माहिती सगळ्यांसमोर असेल तर हा हिशोब चुकतो. केंद्रीय माहिती आयोगाने सप्टेंबर २०११ मध्ये नेमका हाच विचार करून ठराव केला: माहिती मागणाऱ्यावर हल्ला झाला तर त्याचे प्रलंबित अर्ज तपासायचे आणि मागितलेली माहिती कार्यालयाने स्वतःहून संकेतस्थळावर टाकावी, असा आदेश द्यायचा. २०१३ साली कोलकाता उच्च न्यायालयाने सांगितलं, की अर्जदाराने घरचा पत्ता दिलाच पाहिजे असं नाही, पोस्ट बॉक्स क्रमांकही पुरे. अर्ज आणि त्यांची उत्तरं, व्यक्तिगत स्वरूपाची वगळून, संकेतस्थळावर शोधता येतील अशी ठेवावीत, अशी सूचना केंद्राच्या कार्मिक विभागानेही २०१३ साली दिली आहे. ती सगळीकडे पाळली गेली असं म्हणता येणार नाही. आपली पोर्टलं अर्ज नेऊन पोचवतात. उत्तर मात्र बहुधा अर्जदाराच्या एकट्याच्या पदरात पडतं.

उघडेपणालाही धोके असतात, तेही सांगितलं पाहिजे. ऑगस्ट २०२३ मध्ये उत्तर आयर्लंडच्या पोलिसांनी एका अर्जाला उत्तर देताना जी फाइल पाठवली, तिच्यात चुकून सुमारे साडेनऊ हजार पोलीस आणि कर्मचाऱ्यांची नावं-हुद्दे दडलेले राहिले. उत्तर प्रथेप्रमाणे ‘व्हॉट डू दे नो’वर प्रसिद्ध झालं आणि दोन-अडीच तास तिथे होतं. जिथे पोलीस असणं हाच जिवाला धोका, तिथे ही चूक किती भयंकर! अर्ज चुकीचा नव्हता, पाठवणाऱ्याने फाइल नीट तपासली नव्हती. तेव्हा दफ्तर उघडताना दफ्तरदाराने डोळे उघडे ठेवावेत, हे खरं. पण तेवढ्यासाठी दफ्तरालाच कुलूप घालणं हा उपाय होत नाही. आपल्याकडे २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण कायद्याने माहिती अधिकाराच्या आठव्या कलमात बदल केला आणि तो नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झाला. पूर्वी व्यक्तिगत माहिती नाकारताना तिचा सार्वजनिक कामाशी संबंध आहे का, हे त्याच पोटकलमात पाहावं लागे. आता ‘व्यक्तिगत माहिती’ एवढं म्हणणं तिथे पुरतं. व्यापक लोकहित असेल तर माहिती देता येते, ही त्याच कलमातली दुसरी तरतूद अजून आहे. अर्जदाराने ती आवर्जून लिहावी. कोट किरानाच्या हजेरीपटावर शेवटी काय होतं? माणसांची नावंच होती. ती व्यक्तिगत म्हणून झाकली असती तर जनसुनवाई झालीच नसती, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

आता थोडं व्यवहाराचं. ऑनलाइन अर्ज करायचा म्हटलं की घरातल्या शिकल्यासवरल्या माणसालाही धास्ती वाटते. तशी गरज नाही.

पहिली गोष्ट, केंद्राचं पोर्टल वेगळं आणि राज्याचं वेगळं. रेल्वे, टपाल, पासपोर्ट, भविष्यनिर्वाह निधी ही कामं केंद्राची. सातबारा, रेशन, पोलीस ठाणं ही राज्याची. राज्याच्या कार्यालयाचा अर्ज केंद्राच्या पोर्टलवर केलात तर तो परत येतो आणि दहा रुपयेही जातात. राज्याच्या पोर्टलवर आपल्या कार्यालयाचं नाव यादीत नसेल तर कागदाचाच अर्ज करावा, त्यावर दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावावं. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला दाखला जोडला की फी नाही.

दुसरी गोष्ट, कागद मागा, मत मागू नका. ‘आमच्या रस्त्याचं काम निकृष्ट का झालं?’ याला अधिकारी उत्तर देणार नाही, कारण ‘का’चं उत्तर दफ्तरात नसतं. ‘अमुक रस्त्याच्या कामाचा आदेश, मोजमाप पुस्तिका, ठेकेदाराला दिलेल्या रकमांची बिलं आणि काम पूर्ण झाल्याचा दाखला यांच्या प्रती द्याव्यात’, असं लिहिलं तर टाळायला जागा राहत नाही. महाराष्ट्राच्या नियमांत २०१२ पासून अर्ज एका विषयापुरता आणि दीडशे शब्दांत हवा. अनेकांनी याविरुद्ध तक्रार केली आणि ती रास्त आहे. पण मी गझल लिहिणारा माणूस; दोन ओळींत म्हणणं संपवायची मला सवय. प्रश्न जितका आटोपशीर, तितका तो धारदार, एवढं अनुभवाने सांगतो.

तिसरी गोष्ट, अर्ज गेला की नोंदणी क्रमांक मिळतो, तो वहीत उतरवून ठेवा. तीस दिवसांत उत्तर आलं पाहिजे. माणसाच्या जिवाचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर अठ्ठेचाळीस तासांत. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तर त्यांनीच तो पाच दिवसांत योग्य जागी पाठवायचा असतो. उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर तीस दिवसांत पहिलं अपील, आणि त्यानंतर नव्वद दिवसांत आयोगाकडे दुसरं अपील. मुदतीनंतर माहिती मिळाली तर ती फुकट द्यावी लागते, हेही कायद्यातच आहे.

राहिला भाषेचा प्रश्न. कायदा मराठीत विचारू देतो, यंत्र मात्र कधीकधी देत नाही. केंद्राच्या पोर्टलच्या सूचनांत अर्जाच्या चौकटीसाठी अनेक वर्षं इंग्रजी अक्षरं, आकडे आणि मोजकी चिन्हं एवढीच मुभा लिहिलेली होती. देवनागरीत लिहायचं तर वेगळा अर्ज तयार करून पीडीएफ फाइल जोडायची. ज्याला हे जमत नाही, तो सेवा केंद्रात जातो, तिथल्या मुलाला पैसे देऊन अर्ज भरून घेतो. म्हणजे झाडाखालचं टेबल पुन्हा आलंच, फक्त त्यावर आता संगणक आहे. त्या मुलाला मी दोष देत नाही. पण कायद्याने जी मदत फुकट देऊ केली आहे, ती विकत घ्यायची वेळ गरिबावर का यावी?

म्हणून एक सुचवतो. आपल्याकडे गावोगाव सार्वजनिक वाचनालयं आहेत, महाविद्यालयांत राष्ट्रीय सेवा योजनेची मुलं आहेत, निवृत्त शिक्षक आणि कारकून आहेत ज्यांना दफ्तराची भाषा पाठ आहे. आठवड्यातून दोन तास वाचनालयात एक संगणक आणि एक जाणता माणूस एवढं जरी ठेवलं, तरी किती जणांचे अर्ज नीट जातील! जे अर्ज साऱ्या गावाच्या कामाचे असतील, त्यांची उत्तरं वाचनालयाच्या फलकावर लावता येतील. विचारणाऱ्याचं नाव लावायची गरज नाही. कोट किरानाला हेच झालं होतं: कागद एकाच्या हातात राहिला नाही, तो सगळ्यांना वाचून दाखवला गेला.

जहांगीरची साखळी सोन्याची होती आणि तिचं वरचं टोक बादशहाच्या हाती होतं. त्याने ती टांगली, त्याला हवं तेव्हा तो ती काढूही शकला असता. आपला दहा रुपयांचा अर्ज कुणा बादशहाने दिलेला नाही. तो हजेरीपटासाठी उन्हात बसलेल्या मजुरांनी मिळवला आहे. वापरात राहील तोवरच तो आपला राहील. या आठवड्यात एक प्रश्न नीट लिहून काढा, आणि ज्याला लिहिता येत नाही अशा शेजाऱ्यालाही त्याचा एक प्रश्न लिहून द्या.